घर सांभाळून शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा गृहपाठ देते तेव्हा धरून चालते, की घरी गेल्यावर मुलाला दुसरं काही काम नसतं. घरचे कामं सांगतात तेव्हा धरून चालतात, की शाळा सुटली म्हणजे दिवस मोकळा. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर असतो, फक्त तो एकाच मुलाच्या वाट्याला येतो. ही प्रश्नोत्तरं अशा मुलामुलींसाठी आहेत. अधेमधे पालक आणि शिक्षकांचेही प्रश्न आहेत. ‘वेळेचं नियोजन कर’ हा सल्ला इथे फारसा सापडणार नाही. ज्याचा वेळ त्याच्या हातातच नाही, त्याने नियोजन कशाचं करायचं?

घरात मदत तर सगळेच करतात. माझ्यावर खरंच जास्त ओझं आहे, की मीच उगाच कुरकुर करते?

नुसती कामांची यादी बघून हे ठरत नाही. झाडलोट, भांडी, धाकट्याला शाळेतून आणणं, आजीला औषध देणं ही कामं कितीतरी घरांत मुलं करतात आणि त्यात वावगं काही नाही. विचार असा कर: हे काम तुझ्याकडून राहिलं तर काय होतं? भांडी तशीच पडली तर कुणी तरी रागावेल आणि उद्या ती घासली जातील. ही मदत झाली. पण तू नसलीस तर आजीचं औषध चुकतं, धाकटा एकटा राहतो आणि ते बघणारं दुसरं कुणीच नाही, असं असेल तर ती जबाबदारी आहे. तासाभराची जबाबदारी तीन तासांच्या मदतीपेक्षा जड जाते, कारण वर्गात बसल्यावरही ती डोक्यातून उतरत नाही.

आणखी एक खूण म्हणजे कामाची वेळ. रोज संध्याकाळचे दोन तास ठरलेले असतील तर उरलेल्या वेळात अभ्यास बसवता येतो. हाक केव्हाही येणार असेल तर अख्खी दुपार रिकामी असूनही हाती काही लागत नाही. मुलं याला ‘माझं लक्ष लागत नाही’ म्हणतात आणि दोष स्वतःकडे घेतात.

मग गेल्या महिन्यात तुझं काय काय सुटलं ते आठव. शाळेचे खाडे आणि अपुऱ्या वह्या सगळ्यांना दिसतात. त्याच्या आधी मैदान सुटलेलं असतं, मैत्रिणींकडे जाणं सुटलेलं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही कारण त्याला गुण नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात शिक्षणाचा हक्क २८ व्या कलमात आहे आणि विश्रांती व खेळण्याचा हक्क ३१ व्या कलमात. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे. तेव्हा खेळायला मिळत नाही ही तक्रार कुरकुर ठरत नाही.

किती तास म्हणजे जास्त? एखादा आकडा आहे का?

एक आहे, पण तो जपून वापरायचा. बालश्रमाची जागतिक आकडेवारी काढताना ५ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला २१ तास घरकाम ही रेघ धरण्याची पद्धत आहे. म्हणजे रोजचे साधारण तीन तास. ही रेघ मोजणीसाठी आहे. २० तास काम केलं तर सगळं ठीक, असा तिचा अर्थ नाही. मोठ्या परीक्षेच्या वर्षात रोजचे दोन तासही भारी पडू शकतात.

त्यापेक्षा स्वतःचा आकडा काढ. एक आठवडा एका कागदावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या: काम काय, केव्हा ते केव्हा, आणि ते आधी ठरलेलं होतं की अचानक आलं. नुसतं ‘लक्ष ठेवणं’ हेही काम म्हणून लिही. बाळ झोपलं आहे आणि तू बाजूला पुस्तक घेऊन बसली आहेस, तर तो वेळ अभ्यासाचा नाही; कान बाळाकडेच असतात. हा कागद पुढे शाळेत आणि घरात दोन्हीकडे उपयोगी पडणार आहे, म्हणून टाकू नकोस. त्यात वाढवून लिहू नकोस आणि लाजून कमीही लिहू नकोस.

माझा भाऊ माझ्याच वयाचा आहे. त्याला अभ्यासाला मोकळीक आणि मला काम. हे आमच्याच घरात आहे का?

नाही. युनिसेफने २०१६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या ५ ते १४ वर्षांच्या मुली रोज मिळून ५५ कोटी तास घरकामात घालवतात. त्याच वयाच्या मुलांपेक्षा हे १६ कोटी तासांनी जास्त आहे.

हा आकडा घरात भांडणासाठी वापरलास तर भांडणच होईल. ‘त्याला का नाही’ असं विचारलं की विषय भावाच्या लाडावर जातो आणि तुझं काम जिथल्या तिथे राहतं. कागद दोघांचा कर. त्याचा आठवडा एका बाजूला, तुझा दुसऱ्या बाजूला. मग एकच काम बोट ठेवून माग: ‘रात्रीची आवराआवर एक दिवसाआड त्याची.’ भावाला आधी बाजूला घेऊन बोललीस तर आणखी बरं. पुष्कळ भावांना आपल्या बहिणीचा दिवस कसा जातो हे खरोखर माहीत नसतं. माहीत असून गप्प बसणारेही असतात, हेही खरं.

शाळेत सांगू का? कुणाला? काय सांगू?

सांग, आणि काही बिघडण्याआधी सांग. प्रकल्प द्यायच्या दिवशी सांगितलं तर ती सबब वाटते. तेच महिनाभर आधी सांगितलं तर माहिती ठरते.

वर्गशिक्षकांनाच सांगायला हवं असं नाही. ज्यांच्याशी बोलताना तुझा आवाज बसत नाही अशी कुणीही मोठी व्यक्ती चालेल: एखाद्या विषयाचे शिक्षक, समुपदेशक, ग्रंथपाल, खेळाचे सर. पुढचं त्या व्यक्तीला करू दे.

बोलणं लांबवायची गरज नाही. घरची परिस्थिती एका वाक्यात, तिचा शाळेवर होणारा परिणाम एका वाक्यात, आणि मग मागणी. उदाहरणार्थ: ‘आईचे उपचार चालू आहेत म्हणून सकाळी धाकट्याला मी पोहोचवतो. त्यामुळे पहिल्या तासाला मला दहा मिनिटं उशीर होतो. पुढचे दोन महिने मला उशिराचा शेरा न देता आत घ्याल का?’ आईला काय झालंय हे यात कुठेही आलेलं नाही आणि यायचंही कारण नाही. मागणी मात्र ठोस हवी. ‘मला समजून घ्या’ या वाक्यावर शिक्षक ‘हो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही, कारण बदलायचं काय हे त्यांना कळलेलंच नसतं.

बऱ्याच शाळा देऊ शकतात अशा गोष्टी: प्रकल्पाला चार दिवस जास्त, मोकळ्या तासाला वाचनालयात बसून गृहपाठ करू देणं, बुडालेल्या तासाच्या नोंदी एखाद्या वर्गमित्राकडून मिळण्याची सोय, गटाच्या कामात घरी बसून करता येईल असा भाग. सार्वजनिक परीक्षेची तारीख हलवणं शिक्षकांच्या हातात नसतं, त्यामुळे तिथे नकार मिळाला तर तो तुझ्यावरचा राग नाही.

जे ठरेल ते दोन ओळींत लिहून द्यायला सांग. शिक्षक बदलले की तीच कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि सगळ्यात जास्त थकवा त्याचाच येतो.

जाता जाता: इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने, घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना कोणती मदत लागते हे तपासणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. असे कायदे सगळीकडे नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मुलालाच तोंड उघडावं लागतं. हे न्यायाचं नाही, पण आज तरी तसंच आहे.

सांगितलं आणि सगळ्या वर्गाला कळलं तर?

आधी विचार: ‘सर, हे तुमच्यापाशीच राहील ना?’ प्रामाणिक शिक्षक सांगतील की एक गोष्ट ते स्वतःपाशी ठेवू शकत नाहीत: तुला किंवा घरातल्या कुणाला धोका असेल तर त्यांना पुढे कळवावंच लागेल. बाकीचं राहील. आणि ‘बिचारा’ असा सूर कुणी लावला तर सरळ म्हण, ‘मला सहानुभूती नको, चार दिवस जास्त हवेत.’

घरी कसं सांगू? ‘मला वेळ मिळत नाही’ म्हटलं की ‘आम्हाला कुठे मिळतो’ हेच ऐकायला मिळतं.

कारण त्यांनाही खरंच मिळत नाही. कोण जास्त दमलं ही शर्यत मुलांनी लावू नये. मोठे ती नेहमी जिंकतात.

काम चालू असताना हा विषय काढू नकोस, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. सगळे जरा टेकलेले असतील तेव्हा तो आठवड्याचा कागद पुढे ठेव. बऱ्याच घरांत हा कागद बघूनच निम्मं बोलणं होतं, कारण तुला कामं सांगणारी माणसं वेगवेगळी असतात. आई तिच्यापुरतं सांगते, बाबा त्यांच्यापुरतं, आजोबा त्यांच्यापुरतं. बेरीज कुणीच केलेली नसते.

मग मोजकं माग. ‘मंगळवारी आणि गुरुवारी सात ते साडेआठ मला कुणी हाक मारायची नाही. रविवारी सकाळचं सगळं मी बघतो.’ यात तू काम टाळत नाहीस, काम सरकवतो आहेस, आणि हा फरक घरच्यांना लगेच कळतो. ‘कमी काम द्या’ यापेक्षा ‘ठरलेल्या वेळी द्या’ ही मागणी मान्य होणं सोपं असतं. अभ्यासाच्या दृष्टीनेही पुष्कळदा तीच जास्त कामाची ठरते.

शाळा कशी चालते हे घरच्यांना माहीत असेलच असं धरू नकोस. त्यांच्या वेळी प्रकल्प, सादरीकरण, वर्षभर चालणारं मूल्यमापन हे नसेलही. ‘परीक्षा तर पुढच्या महिन्यात आहे ना’ असं म्हणणाऱ्या वडिलांना या आठवड्यातल्या प्रकल्पालाही गुण आहेत हे ठाऊक नसतं. म्हणून परीक्षांच्या आणि प्रकल्पांच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहून सगळ्यांना दिसेल अशा जागी लाव, आणि प्रत्येक तारखेच्या आधीचा आठवडा रंगवून ठेव. घरात आजारपण असेल तर दवाखान्याच्या तारखाही त्याच कागदावर यायला हव्यात. टक्कर कुठे होणार हे महिनाभर आधी दिसलं की निदान मावशीला किंवा शेजाऱ्यांना विचारायला वेळ मिळतो.

हे सगळं ज्या घरात बोलता येतं त्यांच्यासाठी झालं. जिथे असं बोललं की मार पडतो किंवा दोन दिवस अबोला धरला जातो, तिथे कागद आधी शाळेतल्या त्या विश्वासाच्या व्यक्तीला दाखव, घरी नाही.

अभ्यासाला बसलं की हाक येते. परत आलो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काय करू?

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं, की अर्धवट सोडून उठलेलं काम डोक्याचा एक भाग अडवून बसतं आणि पुढचं कामही धड होत नाही. नंतर तिने एका सहकाऱ्याबरोबर यावर उपायही तपासला: उठण्याआधी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे झटकन लिहून ठेवायचं. तिचं संशोधन नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांच्या कामाबद्दल होतं. पण गणित अर्ध्यावर टाकून धावणाऱ्या मुलाला ही युक्ती जास्तच लागू पडते. हाक आली की ‘आलो’ म्हण आणि समासात लिही: ‘तिसरी पायरी झाली, आता दोन्ही बाजूंना भागायचं.’ पंधरा सेकंद लागतात.

आणि अभ्यासाचे दोन ढीग कर. शब्दार्थ, व्याख्या, सनावळ्या, आकृत्यांना नावं देणं हे तुटक तुटक चालतं. ते हाकांच्या वेळी. नवीन गणित, निबंध, न समजलेला धडा यांना सलग वेळ लागतो. ते त्या मंगळवार-गुरुवारच्या दीड तासात. ज्या मुलांना सलग वेळ मिळतच नाही त्यांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास शाळेतच बसून हे करावं. घरात पाऊल टाकलं की वेळ आपला राहत नाही.

मला रोज जेमतेम अर्धा तास मिळतो. एवढ्यात काय होणार?

वाटतं त्यापेक्षा पुष्कळ, पण वाचन करून नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटवून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. पुन्हा वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं आणि तिथेच घात होतो.

म्हणून अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं पुस्तक न उघडता आज वर्गात काय झालं ते कोऱ्या कागदावर लिही. मग उघडून बघ काय राहिलं. उरलेला वेळ फक्त राहिलेल्यावर. ही आठवायची कसरत हात कामात असतानाही होते. कपडे वाळत घालताना मनातल्या मनात धडा सांगता येतो, धाकट्या बहिणीला समजावून सांगितला तर आणखीच पक्का होतो. मात्र सुरी, गॅस किंवा लहान बाळ हाती असताना हे करू नकोस.

रोजचा अर्धा तास रविवारच्या सलग साडेतीन तासांपेक्षा चांगला. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठांतर अनेक दिवसांत विभागलं तर एकूण कमी वेळा घोकावं लागतं. तेव्हा तुझा तुटपुंजा वेळ अगदीच वाईट नाही.

सगळं जमणार नसेल तर काय सोडायचं? माझं मत असं: गणित आणि भाषेचं व्याकरण सोडू नकोस, कारण तिथे आजचं राहिलं की उद्याचं कळत नाही. इतिहासाचा एक धडा मागे पडला तर पुढचा अडत नाही. तो सुट्टीत भरून काढता येतो. वहीची सजावट, रंगीत शीर्षकं, आखीव समास हे सरळ सोडून दे.

सगळे झोपल्यावर रात्री जागून अभ्यास केला तर?

एखाद्या रात्री ठीक. सवय म्हणून तोट्याचं आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेत माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या १४ दिवसांच्या रोजनिश्यांवरून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोप कापून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला की दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलेलं कळायला जड गेलं आणि चाचणीही बिघडली, असं त्यात आढळलं. म्हणजे रात्री कमावलेला तास सकाळी वर्गात जातो, आणि वर्गातलं पुन्हा घरी करायला तुझ्याकडे वेळच नाही. ज्यांना घरी वेळ कमी, त्यांचा खरा अभ्यास वर्गातच व्हायला हवा. तिथे जागं असणं ही तुझी सगळ्यात मोठी मिळकत आहे.

शाळेत असते पण मन घरी असतं. बाबांना काही झालं असेल का, हेच डोक्यात.

अशा वेळी ‘काळजी करू नकोस’ म्हणून काहीच होत नाही. बातमी येण्याचा रस्ता पक्का करावा लागतो. शाळेच्या कार्यालयाचा क्रमांक घरी आणि शेजारी दे. काही घडलं तर कार्यालयातून निरोप वर्गात येईल, हे शाळेकडून वदवून घे. मग निरोप नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असं मनाला सांगता येतं. मधल्या सुट्टीत एकदा फोन करण्याची परवानगी माग. दर तासाला चोरून मोबाइल बघण्यापेक्षा ठरलेला एक फोन जास्त शांतता देतो.

घरात इथली भाषा मला एकटीलाच नीट येते. दवाखाना असो की कार्यालय, मलाच नेतात.

पत्र वाचून दाखवणं, अर्ज भरणं इथपर्यंत ठीक. आजाराचं निदान, शस्त्रक्रियेची संमती, कोर्टकचेरीचं बोलणं हे मुलाने भाषांतर करण्याचं काम नाही. एक शब्द चुकला तर परिणाम मोठा, आणि वाईट बातमी घरात सगळ्यात आधी तुलाच ऐकावी लागते. ‘दुभाषी मिळेल का?’ हे दवाखान्यात वेळ घेतानाच विचार; बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत प्रत्यक्ष किंवा फोनवर अशी सोय असते. पालकसभेलाही शाळेकडे दुसरा माणूस माग. स्वतःच्याच तक्रारींचं भाषांतर स्वतःच आईला करून सांगायचं, यात कुणाचंच भलं नाही. (भाषांतर फार सौम्य होतं, असा शिक्षकांचा अनुभव आहे.)

काम फारसं नाही, पण आई तिचं सगळं दुःख मलाच सांगते. बाबांचं, पैशांचं, सगळं.

हेही ओझंच आहे, फक्त कागदावर येत नाही. कुटुंबांवर उपचार करणाऱ्या साल्वादोर मिनुचिन यांनी १९६७ मध्ये, घरात आईवडिलांची जागा घ्यावी लागलेल्या मुलांबद्दल लिहिलं. नंतरच्या अभ्यासकांनी यात दोन प्रकार केले: कामाची जबाबदारी घेणारं मूल आणि मोठ्यांच्या मनाची जबाबदारी घेणारं मूल. दुसरा प्रकार सहसा जास्त त्रास देतो असं ते मानतात. काम संपतं, आईचं दुःख तुझ्याच्याने संपणारं नसतं आणि ते संपलं नाही याचा दोष मूल स्वतःकडे घेतं.

आईचं चुकतंय असं तिला म्हणू नकोस, तिला बहुधा दुसरं कुणी नाही. तरी एवढं म्हणता येतं: ‘आई, मला तुझी काळजी वाटते, पण यावर मला काही करता येणार नाही. मावशीशी बोलतेस का?’ आणि अभ्यासाची वेळ किंवा झोपायची वेळ असेल तर ‘हे उद्या संध्याकाळी बोलू’ म्हटलं तर चालतं.

मला घरचं करायला आवडतं. सगळे ‘बिचारी’ म्हणतात त्याचाच राग येतो. माझ्यात काही चुकतंय का?

काहीच नाही. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांतल्या किशोरवयीन मुलांचा २००९ चा एक अभ्यास आहे. घरी जास्त मदत केलेल्या दिवशी मुलं जास्त आनंदी असल्याचं त्यात दिसलं, आणि ‘आपण घरासाठी काहीतरी केलं’ ही भावना त्यामागे होती. घर चालवणाऱ्या मुलांना माणसं कळतात, पैसे कळतात, संकटात हातपाय गाळायचे नाहीत हे कळतं. फक्त आवडतं म्हणून मोजायचं सोडू नकोस. आवडणारं कामही आठवड्याचे २५ तास खाऊ शकतं.

घरी पैशांची ओढाताण आहे. शाळा सांभाळून नोकरी करू का?

आधी तुझ्या देशातला वयाचा नियम बघ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा करार (क्रमांक १३८) कामाचं किमान वय साधारणपणे १५ धरतो. १३ ते १५ वयात हलकं काम तो चालवून घेतो, पण शाळेची हजेरी आणि अभ्यास बिघडणार नाही या अटीवर. वय बसत असेल तर काम धरतानाच मालकाशी बोलून घे की परीक्षेच्या आठवड्यांत येणार नाही. नंतर मागितली तर ती रजा मिळत नाही. आणि नोकरीआधी शाळेत शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, पुस्तकपेढी याची चौकशी कर. लाजेपायी न मागितलेली शिष्यवृत्ती नोकरी करून भरून काढणं हा फार महागडा व्यवहार आहे.

सगळं सोडून द्यावंसं वाटतं.

शाळा सोडावीशी वाटते की जगणंच नको वाटतं, हे आधी स्वतःला विचार. दुसरं असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हे वाचणं इथेच थांबव आणि आजच एखाद्या मोठ्या माणसाला समोर बसून सांग, किंवा मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन कर. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.

शाळा सोडायचा विचार असेल तर नाव काढण्याआधी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचार: हजेरी कमी ठेवून, किंवा एखाद वर्ष थांबून परत येण्याची कोणती सोय आहे? नाव पटावर ठेवून घेतलेली विश्रांती आणि नाव काढून घेतलेली विश्रांती यांत परत येण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पालकांचा प्रश्न: आम्ही दोघंही कामावर असतो, घरात आजारी माणूस आहे. मुलीवर सोपवण्यावाचून पर्याय नाही. आम्ही वाईट आईबाप आहोत का?

नाही. पण पर्याय नाही हे तिला कधी सांगितलंय का? मुलं कामापेक्षा गृहीत धरलं जाण्याने जास्त दुखावतात. ‘हे तुझं काम नव्हे, पण सध्या तुझ्यावाचून अडतं’ असं एकदा म्हणा, आणि हे कधीपर्यंत चालेल तेही सांगा. उठवणं-बसवणं, जखमेची पट्टी असं काम तिच्याकडे असेल तर ते परिचारिकेकडून तिला नीट शिकवून घ्या; चुकीच्या पद्धतीने माणूस उचलून तिचीच पाठ जायची. औषधांच्या मात्रेचा निर्णय मात्र तिच्यावर कधीच टाकू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ तिची पूर्ण मोकळी ठेवा, आणि त्या संध्याकाळी ती अभ्यास न करता नुसती लोळली तरी बोलू नका.

शिक्षकांचा प्रश्न: असं मूल वर्गात ओळखायचं कसं आणि सवलत किती द्यायची?

खाडे ठरावीक वारी पडतात. वही अपुरी असते पण तोंडी विचारलं तर उत्तर येतं. सहलीची चिठ्ठी परत येत नाही. आणि वयाच्या मानाने मूल फार समंजस वाटतं. या शेवटच्या खुणेचं आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. सगळ्या वर्गासमोर ‘काय अडचण आहे?’ विचारलंत तर ‘काही नाही’ हेच उत्तर येईल.

सवलत कामाच्या आकारात द्या, पातळीत देऊ नका. वीस गणितांऐवजी सहा द्या, पण त्या सहांत अवघड दोन असू द्या. ‘याला घरी अडचण आहे’ म्हणून सोपंच देत राहिलात तर वर्षाच्या शेवटी ते मूल सुटतं आणि मागेही राहतं.

पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायची संधी आहे. मी गेले तर घराचं काय?

तो कागद पुन्हा काढ. या वेळी प्रत्येक कामापुढे ‘माझ्यानंतर कोण’ असा रकाना कर आणि जायच्या आधी सहा महिने सगळ्यांनी मिळून तो भरा. काही कामं दुरूनही होतात: डॉक्टरांची वेळ घेणं, बिलं भरणं, अर्ज करणं. ती हवी तर ठेव, पण आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी. रोज रात्री फोनवर घर चालवायचं कबूल करू नकोस. काही कामं पैसे देऊन करून घ्यावी लागतील, त्याचा हिशेब आत्ताच मांडा. रकाना भरला की लगेच एक आठवडाभर तू मामाकडे किंवा मैत्रिणीकडे राहा आणि घर तुझ्याविना चालवून बघू दे. जिथे अडेल तिथे अजून चार-पाच महिने हातात असतात.

रकाना भरताना एक बघ. तुझ्या नावाच्या जागी सगळीकडे धाकट्या बहिणीचंच नाव येत असेल, तर कागद भरलेला नाही. मोठ्यांपैकी कुणाची तरी नावं त्यात येईपर्यंत पुन्हा बसा.